न विचारणारं बटण

...कीबोर्डच्या त्या बटणावरचं अक्षर तर केव्हाच पुसलं गेलेलं. बाकीच्यांवरची पांढरी अक्षरं अजून शाबूत आहेत, हे एकच टकलासारखं गुळगुळीत, मधोमध किंचित खोलगट – तिच्या मधल्या बोटानं सहा वर्षं घासून केलेलं. बोट आत्ताही तिथंच होतं. उचलून घ्यावं हेही तिला सुचत नव्हतं.

पडद्यावर ती तार होती. चिपच्या नकाशात उजव्या कोपऱ्याला वीज पोचवणारी. शेजारच्या तारा चांगल्या पट्ट्यासारख्या रुंद, ही एकटी सुतासारखी. पुढच्या आवृत्तीचं काम सुरू करायचं म्हणून तिनं सकाळी नकाशा उघडला, आणि उघडल्याबरोबर दिसली. इतके दिवस कुठं होतीस, बाई? मंगळवारी नकाशा कारखान्यात गेला, आणि आज शुक्रवार.

कसं झालं हे शोधायला तिला दोन मिनिटंही लागली नाहीत, कारण असं फक्त तिच्याच बटणानं होऊ शकत होतं. पूर्वी तारेची रुंदी बदलायची तर तार निवडा, गुणधर्मांचा तक्ता उघडा, आकडा खोडा, नवा घाला, हो म्हणा – दिवसातून दोनशे वेळा. मग तिनं चार ओळींचा प्रोग्रॅम लिहिला: तार निवडायची, हे बटण दाबायचं, रुंदी कमीत कमी. सुरुवातीला तो विचारायचा, 'तीन वस्तू निवडलेल्या आहेत. बदलायचं?' आठवडाभरात तो वापरणारे ऑफिसातले सगळे वैतागले. "ताई, हे काय सासूसारखं दर वेळी विचारतंय?" सगळे हसले, तीही हसली, आणि ती विचारणारी ओळ तिनं बंद करून टाकली. तेव्हापासून ती शॉर्टकटताई. आवडायचंही ते नाव... खोटं कशाला बोला.

सोमवारी शेवटचा बदल करताना डावीकडची एक तार तिनं पडद्यावर इतकी जवळ आणली होती, की आधी निवडलेली ही तार पडद्याबाहेर राहिली – निवडलेलीच. बटण दाबलं. दोन्ही बारीक झाल्या. रुंदी नियमात बसत होती, आणि तपासणीचा प्रोग्रॅम नियम बघतो, अक्कल बघत नाही. तार किती वीज सोसेल याची तपासणी आदल्याच आठवड्यात झालेली. आजाऱ्याच्या उशाशी ठेवायच्या यंत्रात बसणार होती ही चिप. काही दिवस चालेलही. मग कधीतरी तो कोपरा तापेल, आणि जळेल.

फोन वाजला. आई.

"जेवलीस का गं?"

"हो."

डबा समोरच होता, न उघडलेला. आईनं फोन ठेवला तरी तो 'हो' तिथंच घोटाळत राहिला. किती वर्षं म्हणतेय मी हा हो? गच्चीत कपडे वाळत घालताना नवऱ्यानं विचारलं होतं, "आता दुसरं मूल नको ना आपल्याला?" आणि तोंडात चिमटा धरूनच ती "नको" म्हणाली होती, पुढचा चिमटा उचलेपर्यंत विषय संपलासुद्धा. त्याची काही चूक नव्हती. त्यानं विचारलं होतं की! पण मी 'नको' म्हणाले तेव्हा मी होते कुठं?

सकाळपासून वाक्य तयार होतं. सर, माझ्याकडून एक चूक झालीय. पाच शब्द, त्यातला एक नुसता 'सर'. साडेचारला सर स्वतःच आले, हातात चहाचा कप.

"पाच वाजता कारखान्याला शेवटचा होकार कळवतोय. एकदा नकाशावरून छपाईच्या काचा कोरायला घेतल्या की मग ब्रह्मदेव आला तरी बदल नाही. तुमच्याकडून काही राहिलं नाही ना?"

"नाही, सर."

सरांचा 'ना' पुरता उच्चारलाही गेला नव्हता.

"तुमचं काम म्हणजे बघायलाच नको," असं म्हणत सर गेलेसुद्धा. ती त्यांच्या पाठीकडे बघत राहिली. हाक मारायची होती. हाक मारायला काय लागतं? घसा होता, सर दहा पावलांवर होते, आणि ती नुसती बसली होती, दुसऱ्याच कुणाचा तरी खोटेपणा पकडला गेल्यासारखी.

मग तिनं तो जुना प्रोग्रॅम उघडला. बंद केलेली ओळ तिथंच होती, पुढं खूण करून गप्प बसवलेली. तिनं खूण काढली. बैल गेला नि झोपा केला... करू दे. काहीतरी तर करू दे. तिनं ती बारीक तार निवडली आणि बटण दाबलं.

'एक वस्तू निवडलेली आहे. बदलायचं?'

खाली हो, आणि नाही. तिचं बोट आपोआप पुढं गेलं, आणि मधेच थांबलं. सहा वर्षांत पहिल्यांदा. पाचाला वीस कमी होते. केबिनमधून सरांचा फोनवर हसण्याचा आवाज येत होता. तिला वाटलं, सरांनी पुन्हा एकदा यावं, पुन्हा विचारावं, जरा हळू विचारावं, आणि विचारून झाल्यावर थोडं थांबावं, पडद्यावरच्या या चौकटीसारखं. पण आता ते येणार नव्हते. दहा पावलं तिलाच चालायची होती, आणि पाय टेबलाखाली कुणीतरी ठेवून दिल्यासारखे पडले होते.

चौकट तशीच उघडी होती. चौकटीला काही घाई नव्हती.