बाहेरच्या माणसाचं मत

संख्याशास्त्राच्या सरांची नोकरी कायम व्हायची तर एकच कागद कमी पडत होता: 'अध्यापन परिणामकारक आहे' असं विभागाबाहेरच्या माणसाचं मत.

"माझी आई चालेल का?" बायकोने विचारलं. "विभागाबाहेरची आहे."

"तिचं मत मागितलं तर आहे ती नोकरीही जाईल."

शेवटी भूगर्भशास्त्राच्या बाई तयार झाल्या. आयुष्य दगडांत गेलेलं, त्यामुळे चेहऱ्यावर काही उमटायचं नाही. नियम साफ होता: निरीक्षकाने मागच्या बाकावर बसायचं, बोलायचं नाही, तास संपला की फॉर्म भरायचा.

सरांची शिकवण्याची एक रीत होती. आधी प्रत्येकाने वहीत अंदाज लिहायचा, मग सर तो सगळ्यांसमोर खोटा ठरवायचे. त्या दिवशी त्यांनी विचारलं, "खोलीत किती माणसं हवीत, म्हणजे दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त होईल?"

"निदान दोनशे!" बाई बोलून गेल्या. नियम तिथेच मोडला.

"तेवीस," सर म्हणाले.

"काहीतरीच काय!"

वर्गात चाळीस जण होते. एकेकाने तारीख सांगायला सुरुवात केली. बाईंची तारीख शेजारी डुलक्या काढणाऱ्या मुलीशी जुळली. मुलगी दचकून जागी झाली. बाईंनी आधी तिचं ओळखपत्र तपासलं, मग सरांकडे असं पाहिलं, जणू त्यांनीच मुलीला त्या तारखेला जन्माला घातलं होतं.

दुसऱ्या दिवशी बाई गणित तपासायला आल्या. तिसऱ्या दिवशी वही घेऊन आल्या. सात आठवडे झाले, फॉर्म कोराच.

"बाई, तेवढं मत…"

"थांबा हो, चाचणीचा अभ्यास चाललाय."

नोकरी कायम करणाऱ्या समितीची बैठक आली; बाईंनाही बोलावलं होतं. अध्यक्षांनी फाइल उलटीपालटी केली. "बाहेरचं मत कुठाय?"

बाई उभ्या राहिल्या आणि वही पुढे केली. पहिल्या चाचणीत दहापैकी तीन, मग पाच, मग साडेआठ.

"म्हणजे तुम्ही यांच्या विद्यार्थिनी झालात," अध्यक्ष म्हणाले. "बाहेरच्या राहिलाच नाहीत. मत बाद."

सात आठवडे इतकं मन लावून शिकवलं नसतं तर बरं झालं असतं, असं सरांना वाटून गेलं.

अध्यक्ष मात्र वही चाळत एका प्रश्नाशी अडले. खिशातून पेन्सिल काढून त्यांनी समासात काहीतरी लिहिलं. "साठ टक्के. बरोबर?"

"साफ चूक," बाई आनंदाने म्हणाल्या.

"मग उत्तर काय?"

"असं सांगून कळत नाही. तासाला बसावं लागतं."

अध्यक्षांनी सरांकडे पाहिलं. "पुढच्या सत्रात हा विषय आहे?"

"मी असलो तर आहे."

अध्यक्षांनी सही केली.

सरांनी बाहेर येऊन बायकोला फोन लावला. "कायम झालो."

"अरे वा! कुणाच्या मतावर?"

"मत अजून कुणाचंच आलेलं नाही," सर म्हणाले. "दोघांचा अभ्यास चालू आहे."