पाच पेशींची काच

या, जरा सरकून बसा. चियांग माईच्या वैद्यकीय महाविद्यालयात सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या काचा तयार करणाऱ्या बुआकेवमावशीची गोष्ट सांगतो, छोटीच आहे.

त्या सकाळी पिमडाव नावाची विद्यार्थिनी सूक्ष्मदर्शकाशी कुरकुरत होती.

"मावशी, मला नुसता जांभळा चिखल दिसतोय."

"झोपेत बघशील तर दुसरं काय दिसणार? ती लांबुडकी, टोकदार पेशी बघ. फायब्रोब्लास्ट. धागे विणते, जखम सांधते. शेजारची धिप्पाड ती मॅक्रोफेज, घाण गिळते."

"म्हणजे वसतिगृहाची झाडूवाली!"

"तुझी खोली बघून तीही पळेल. ती दाण्यांनी भरलेली मास्ट सेल. परकं काही शिरलं की दाणे उधळते. मग सूज, खाज. आणि अंगठीसारखी?"

"चरबीची. साठवते."

"आलं की गं! आता प्लाझ्मा सेल शोध. रोगाशी लढायची हत्यारं तीच घडवते."

पाचही जणी एका काचेत इतक्या स्वच्छ क्वचितच दिसतात. काच मावशीच्या नवऱ्याच्या, खामपानच्या, पोटातल्या झिरझिरीत पडद्याची होती.

देहदान केलेल्यांना तिथे 'थोरले गुरुजी' म्हणतात. त्यांचं शिकवून झालं, की कणन् कण गोळा करून भिक्खूंच्या मंत्रघोषात अग्नी देतात. खामपानला त्याच दुपारी अग्नी द्यायचा होता. देहदानाच्या अर्जावर त्यानं बायकोला न विचारताच सही केली होती. दरसाल विहारात दानशूर राजपुत्राची कथा गाऊन सांगतात. आई रानातून परतते, नवऱ्यानं पोरंच दान दिल्याचं तिला कळतं, तिथे सगळे हुंदके देत. मावशी मात्र पुटपुटे, "आधी विचारायला काय झालं होतं?"

डॉक्टर नारोंग खामपानच्या अवशेषांची पेटी न्यायला आले. ती काच हातात घेऊन घुटमळले.

"मावशी, नियमानं हीसुद्धा जायला हवी. घरच्यांनी लेखी दिलं तरच राहील. ठेवू?"

"मला विचारताय?"

"तुम्हालाच."

मावशी स्टुलावर बसली. "अपुरा पाठवू त्याला? पुढच्या जन्मी पोटात भोक घेऊन आला तर?"

डॉक्टरांनी काच तिच्या हातात दिली. पिमडावनं मान खाली घातली.

मावशीनं काच उजेडाला धरून पाहिली, मग पेन मागितलं. सावकाश, आडनावासकट सही केली. "राहू दे. पोरींना दिसतंय त्यात."

दुपारी तिनं सरणावर चंदनाच्या लाकडाचं फूल वाहिलं, हात जोडले आणि कामावर परतली.

मंडळी, देह देणाऱ्याचं नाव महाविद्यालयाच्या पाटीवर असतंच. तुम्ही एकदा बुआकेवमावशीला आठवा.