बटणांच्या डब्यातली गोळी

ओलेटा व्हिकर्सच्या स्वयंपाकघरात सिंकच्या वर खिडकी होती, आणि त्या खिडकीतून खाली उतारावरचा सुनेचा ट्रेलर, म्हणजे तिचं पत्र्याचं फिरतं घर, सबंध दिसायचा. एकट्या बाईची भांडी ती काय? एक कप, एक ताटली, बीन्सचं पातेलं. पण ओलेटाला ती घासायला अर्धी सकाळ लागायची. दुधात पाणी घातलंय का हे गवळ्याला नाही, थेट गायीला विचारणारी बाई ती.

दहा वाजून गेले होते, तरी ट्रेलरचा पडदा खालीच होता. चार वर्षांची नात टिली पायात आईचे मोजे घालून एकटीच कोंबड्यांमागे पळत होती.

"झोपलीय महाराणी," ओलेटा नळाला म्हणाली. घरात ऐकायला दुसरं होतंच कोण? नवरा होबार्ट खाणीत पाठ मोडून घेऊन कित्येक वर्षं अंथरुणावर पडला आणि गेल्या हिवाळ्यात गेला. मुलगा डस्टिन त्याच्याही आधी. पेट्रोलपंपाच्या संडासात सापडला, खिशात नशेच्या गोळ्यांची पुडी. लॉरेलच्या खोऱ्यात असं एकही घर नव्हतं की जिथून कुणी ना कुणी असं गेलं नव्हतं, त्यामुळे लोक कसं गेलं हे विचारत नसत, जेवण आणून देत. ओलेटाने मात्र कुणी न विचारताच ठरवून टाकलं होतं, की माझ्या पोराला नादी लावलं ते ह्या सुनेने, कॅसिडीने. पुरावा? आईच्या जिवाला पुरावा लागतो होय!

आणि आता पुरावे रोज समोर दिसत होते. कॅसिडी वाळत चालली होती. बोलताना तोंडावर हात धरायची. डोळे लाल, जेवणावर वासना नाही. दुकान बंद पडून नोकरी गेली तशी तिने सरकारी मदतीसाठी अर्ज टाकला होता, आणि मदत मागणाऱ्यावर शंका असेल तर त्याची लघवी तपासायची, असा नवा नियम राज्याने नुकताच आणला होता.

त्या नियमावरून रविवारी चर्चच्या जेवणात चांगलीच जुंपली. कोळशाचा ट्रक चालवणारे ब्रदर आर्विल मक्याच्या पावाचा तुकडा हातात नाचवत म्हणाले, "मला स्टिअरिंगला हात लावायच्या आधी कप भरून द्यावा लागतो. माझ्या पगारातून कापून ज्यांना पैसे जातात, त्यांना कपाची लाज कसली?"

"आमेन," ओलेटा म्हणाली. तिने जन्मभर शाळेच्या स्वयंपाकघरात डाव फिरवला होता, कुणापुढे हात पसरला नव्हता.

जुन्या पोस्टमास्तरीण नेड्राबाई गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. "खाणवाल्यांना राज्याने कर माफ केला, आर्विल. त्या मालकाच्या हातात कप दिला का रे कुणी? नाही ना? मग! आणि आई नापास झाली की उपाशी कोण राहणार? कप?"

"पैसे पोराच्या नावाने दुसऱ्या भल्या माणसाकडे देतात," आर्विल म्हणाले. "पोरालाही त्याच्याकडेच ठेवतात. उपाशी कशाला राहील?"

"खोऱ्यात भला माणूस कोण ते तरी सांग. एकेकाच्या घरातलं औषधांचं कपाट उघडून बघू या का?"

सगळे हसले, आर्विलही हसले. ओलेटा हसली नाही. ती टेबलाच्या टोकाला बसलेल्या कॅसिडीकडे बघत होती. कॅसिडीने ताटाला बोट लावलं नव्हतं, आणि कपाचा विषय निघाल्यापासून मान वर केली नव्हती. ओलेटाच्या मनात पाल चुकचुकली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच!

सोमवारी तिने मदत कचेरीत फोन लावला. "नाव सांगणार नाही मी," ती म्हणाली, आणि बाकी सगळं सांगितलं. दहा-दहा वाजेपर्यंत पडदा ओढून झोपते, पोर एकटंच कोंबड्यांमागे फिरतं, डोळे लाल असतात. फोन ठेवून ती डस्टिनच्या जुन्या खोलीत गेली आणि त्याच्या पलंगावर टिलीसाठी धुतलेली चादर घातली. आता पोर आपल्याजवळ येईल, निदान ही तरी वाचेल, या विचाराने तिला भरून आलं. खोटं कशाला बोला, त्या बाईचं प्रेम खरं होतं. फक्त नाकाने कांदे सोलायची सवय वाईट.

गुरुवारी सकाळी कॅसिडी टिलीला कडेवर घेऊन वर आली. उजवा गाल टम्म सुजला होता.

"मॅमॉ, थोडं मीठ द्याल? गुळण्या करते."

टिली आजीला मॅमॉ आणि आजोबांना पॅपॉ म्हणायची, म्हणून तीही म्हणायची. ओलेटाने तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. आत दाढ किडून काळी पडली होती आणि हिरडी फुगली होती.

"अगं बाई! कधीपासून आहे हे?"

"महिना झाला. रात्रभर ठणकते, पहाटे कुठे डोळा लागतो. दातवाला आधी पैसे मागतो." तिने खांदे उडवले. "मदत मिळाली की काढून घेईन."

ओलेटाच्या मनातला निम्मा संशय तिथेच गळाला. निम्मा मात्र चिवट होता. तिने कपाटातून बटणांचा डबा काढला. डब्यात खाली बटणं होती आणि वर होबार्टच्या पाठदुखीवरच्या, अफूच्या जातीच्या गोळ्यांची बाटली. तो गेल्यावर उरलेल्या गोळ्या फेकायच्या म्हणजे अन्न फेकण्यासारखंच. खोऱ्यात शेजारणीला अंडं द्यावं तशी गोळी देतात. कुणाचं डोकं, कुणाची कंबर. रविवारी समूहगानाला उभं राहायचं म्हणून ओलेटा स्वतःही अर्धी घ्यायची, गुडघ्यांसाठी. त्याला कोणी गोळ्या खाणं म्हणतं का? ते औषध!

"घे. तासाभरात उतरेल."

कॅसिडी तळहातावरच्या गोळीकडे कितीतरी वेळ बघत राहिली. "नको, मॅमॉ."

"विष नाहीये ते. पॅपॉची गोळी आहे, डॉक्टरने लिहून दिलेली. रडवेलं तोंड घेऊन पोरीसमोर फिरणार आहेस का? गीळ म्हणते ना!"

आता यात माया किती आणि सापळा किती, हे ओलेटालाही धड सांगता आलं नसतं. सवयीची असेल तर संध्याकाळी दुसरी मागायला येईल, एवढं मात्र तिच्या मनात नक्की होतं. कॅसिडीने गोळी घेतली. ओलेटा दिवसभर सिंकपाशी उभी राहिली. दुसरी मागायला कोणी आलं नाही.

मग ओलेटाला जरा चुटपुट लागली. फोन करून सांगावं का, की माझी समजूत चुकली? पण निनावी माणसाने समजूत कशी बदलायची? आणि शुक्रवारी सकाळीच कचेरीतून कॅसिडीला बोलावणं आलं, आजच्या आज या म्हणून.

सोमवारी कॅसिडी वर आली ती उंबऱ्यातच उभी राहिली.

"नापास झाले."

ओलेटाच्या हातातली ताटली सिंकमध्ये आपटली. गोळी! पण संशय म्हणजे गोचीड, सहजासहजी सुटत नाही. "एका गोळीने असं होतं?" ती म्हणाली. "की आणखी काही घेतलं होतंस?"

"काही नाही घेतलं."

"सगळे असंच म्हणतात."

कॅसिडीने ते ऐकून घेतलं. मग सपाट आवाजात म्हणाली, "माझी मदत बंद. टिलीची चालू राहील, पण दुसऱ्याच्या हाती, आणि तिने राहायचंही त्याच्याकडेच. मी तुमचं नाव दिलंय. उद्या कचेरीत बोलावलंय तुम्हाला." दारातून वळता वळता तिने सांगितलं, "तुम्हालाही कप भरावा लागेल. ज्याच्याकडे पोर ठेवायचं त्याचीही तपासणी होते."

ओलेटा पुढच्या पेचात पडली ती तेव्हा. आदल्याच दिवशी रविवार झाला होता, समूहगानाचा.

दुसऱ्या दिवशी कॅसिडीनेच तिला पिकअप गाडीतून कचेरीत नेलं. टिली मागच्या सीटवर झोपली होती. गाडी थांबवल्यावर कॅसिडीने किल्ली काढली, पण उतरली नाही.

"रविवारी घेतली होतीत?"

"काय?"

"मॅमॉ, खरं सांगा."

"अर्धी. गुडघ्यासाठी! डॉक्टरनेच तर—"

"डॉक्टरने पॅपॉला दिली होती. तुम्हाला नाही." कॅसिडी वळली आणि तिच्या डोळ्यांत, बाहुल्यांत निरखून बघू लागली. ओलेटाला ती नजर ओळखीची वाटली. ती स्वतः सिंकपाशी उभी राहून रोज असंच बघायची.

"अशी काय बघतेस? मी काय गोळ्या खाणारी वाटले?"

"फोन तुम्ही केलात ना?"

ओलेटा मागे झोपलेल्या टिलीकडे वळून बघू लागली.

"त्यांनी तक्रार वाचून दाखवली मला. दहापर्यंत पडदा, पोर कोंबड्यांमागे. हे फक्त तुमच्या सिंकवरून दिसतं."

"कधी कळलं तुला?"

"शुक्रवारी. कप द्यायच्या आधीच."

"मग सांगितलं का नाहीस, की गोळी मी दिली म्हणून? मला हाणायला काठी तर हातात आली होती!"

"आणि टिली? तुमचं नाव घेतलं असतं तर ती तुमच्याकडेही आली नसती. परक्यांच्या घरी गेली असती. तुम्ही मला बघत बसलात, मॅमॉ. मला तिच्याकडे बघायचं होतं."

मांजर कोपऱ्यात सापडलं की नखं काढतं. ओलेटा उसळलीच. "फार शहाणी झालीस! आणि माझा डस्टिन? त्याला कोणी लावलं त्या गोळ्यांना? बोल ना आता!"

कॅसिडी काचेतून समोर बघत हळू आवाजात म्हणाली, "अक्कलदाढ आली होती त्याला. शाळेत होता. गाल सुजला होता. तुम्ही बटणांच्या डब्यातून काढून दिलीत."

"खोटं!"

"लग्नाआधी सांगितलं होतं त्याने मला. म्हणाला, त्या दिवशी पहिल्यांदा काहीच दुखत नव्हतं. मग तो डब्यातून स्वतःच काढायला लागला. पॅपॉच्या ढीगभर गोळ्यांत कुणाला कळणार? तुम्हाला सांगणार नाही अशी शपथ घातली होती त्याने मला. आज मोडली."

ओलेटाला आठवलं. तो गाल आठवला, तो पलंग आठवला, आणि "घे रे, विष नाहीये ते" म्हणणारा स्वतःचा आवाजही. तिने दार उघडलं, पण पाय खाली टेकवायला तिला बराच वेळ लागला.

कचेरीच्या खिडकीमागे कार्ला नावाची तरुण मुलगी होती. शाळेत असताना ओलेटाने तिला कितीदा सूप वाढलं होतं. तिने नाव लिहिलेला कप पुढे सरकवला. "बसा मिसेस व्हिकर्स. तुम्हाला काय, नुसता नियम आहे म्हणून. काही औषध चालू आहे?"

मागच्या बाकांवर माणसं बसली होती. आर्विलची भाचीही होती. ओलेटाने कप उचलला नाही.

"माझ्या सुनेला गोळी मी दिली," ती म्हणाली. आवाज फाटला, म्हणून तिने पुन्हा, मोठ्याने सांगितलं. "दाढ सुजली होती तिची. ती नको म्हणत होती. मी बळंच दिली. आणि तुम्हाला फोनही मीच केला होता."

कार्लाने लिहिणं थांबवलं. "मिसेस व्हिकर्स, सुनेसाठी जीव तुटतो, समजतं मला. पण सगळे असंच म्हणतात हो. पुरावा नसताना साहेब ऐकणार नाहीत. आणि हे खरं निघालं तर टिली तुमच्याकडे राहणार नाही. एकटीला भेटूही देणार नाहीत कदाचित."

"तिच्या आईकडे राहील?"

"तिची गोळी तुमच्याच घरातली होती असं सिद्ध झालं, तर साहेब तिची पुन्हा तपासणी घेतील. दाढ बघून घेतील. राहू शकेल."

ओलेटाला डस्टिनच्या पलंगावरची धुतलेली चादर डोळ्यांपुढे दिसली. मग तिने कप उचलला.

"तर मग माझं तपास. तीच गोळी निघेल. पाठीची. बाटली घरी आहे, तीही आणून देते."

संडासात नळाला चिकटपट्टी लावलेली होती आणि भांड्यातलं पाणी निळं केलेलं होतं, कोणी पाणी मिसळू नये म्हणून. दाराबाहेर कार्लाच्या बुटांचा आवाज येत होता. ओलेटा गुडघे दाबत बसली. अर्धीच तर घेतली होती. अंगात अजून शिल्लक असेल ना? सकाळी गोळी धुऊन निघावी म्हणून भीतीने तीन-तीन ग्लास पाणी प्यायले, ते उगाच प्यायले. आपलं नशीब हे असं, नको तेव्हा नेमकं साफ निघायचं.

जन्मभर दुसऱ्यांवर संशय घेणारी ती बाई हातात कप धरून पहिल्यांदाच स्वतःकडे संशयाने बघत होती.

"देवा," ती पुटपुटली, "आज मला पास करू नकोस."

बाहेर गाडीत टिली जागी झाली होती आणि मॅमॉ कुठे गेली म्हणून आईला विचारत होती.