पाचवी गाय

"ही रेघ बघा," बाई पाहुण्यांना सांगत होत्या. बैठकीच्या खोलीतल्या बर्फाच्या चित्रावरून त्यांचं बोट तिरकं सरकलं. "कुंपण या कोपऱ्यातून निघतं आणि नजरेला थेट झाडापाशी पोचवतं. हे निष्पर्ण झाड म्हणजे चित्राचा केंद्रबिंदू. डावीकडे चार गाईंचा काळा घोळका झालाय, म्हणून उजवीकडे ही पाचवी, एकटी. तोल साधायला."

पाहुण्यांनी माना डोलावल्या. बाई बावीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवत होत्या. लाकडी ठशावरून छापलेलं हे चित्र त्यांनी नोकरी लागली तेव्हा घेतलं होतं, आणि घरी आलेल्या कुणालाही त्याची मांडणी समजून घेतल्याशिवाय चहा मिळत नसे.

चहा घेऊन धाकटी जाऊ आली. लग्न होऊन तिला जेमतेम वर्ष झालं होतं. जनावरांच्या दवाखान्यात ती मलमपट्टीचं काम करायची. ट्रे ठेवता ठेवता ती चित्रापाशी थबकली.

"ताई, ही तोलाबिलासाठी नाही हो. हिला कळा सुटल्यात."

"काय?"

"शेपटी उचललीय बघा. मान वळवून स्वतःच्या पोटाकडे बघतेय. विण्याच्या वेळी गाय अशीच कळपातून बाजूला होते. आणि कुत्रंसुद्धा तिच्याकडेच तोंड करून बसलंय, झाडाकडे नाही." ती आणखी वाकली. "अगंबाई! घरातून कुणीतरी कंदील घेऊन निघालंय!"

त्या ठिपक्याला बाई इतकी वर्षं शाईचा डाग म्हणत आल्या होत्या.

पाहुणे उठून चित्राभोवती जमले. बाईंचे यजमान चष्मा शोधायला धावले. आजवर बाईंच्या चित्रासाठी त्यांनी कधी चष्मा लावला नव्हता. "कमाल आहे हं तुझी!" ते भावजयीला म्हणाले. नववीतली लेक काकूच्या खांद्यावर हनुवटी टेकून विचारत होती, "वेळेवर पोचेल का गं तो?"

बाई निवत चाललेल्या चहाच्या ट्रेकडे बघत उभ्या राहिल्या. धाकटी आल्यापासून लेकीच्या वेण्या तीच घालायची. यजमान पेपरातले विनोद तिलाच वाचून दाखवायचे. ते सगळं बाईंनी मुकाट्यानं गिळलं होतं. पण चित्र? चित्र त्यांचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, सगळे आपापल्या गडबडीत असताना, त्यांनी ते भिंतीवरून उतरवलं, जुन्या चादरीत गुंडाळलं आणि शाळेत नेलं.

नववीच्या वर्गात त्यांनी सवयीनं कुंपणापासून सुरुवात केली. मागच्या बाकावर कुणीतरी जांभई दिली. बाई थांबल्या.

"बरं, आता ही पाचवी गाय बघा. हिची शेपटी कशी आहे?"

शेपटी झाली, मान झाली, कुत्रं झालं. मुलं बाक सोडून पुढे आली. "आणि हा डाग नव्हे," बाई हळूच म्हणाल्या, "कुणीतरी येतंय." घंटा वाजली तरी कुणी हललं नाही. बाईंच्या तासाला असं कधीच झालं नव्हतं.

"बाई, तुम्हाला हे कसं दिसलं?" एका मुलीनं विचारलं.

तिसऱ्या बाकावर बाईंची लेक होती. तेवढी एकटीच जागेवर बसून राहिली होती. सांगून टाकावं, दोन शब्दांचं तर काम होतं. जावेनं दाखवलं. शब्द अगदी ओठांपर्यंत आले.

"नजर तयार व्हावी लागते," बाई म्हणाल्या.

लेकीनं वही उघडली आणि खाली मान घालून आधीच लिहिलेली तारीख पुन्हा गिरवू लागली.

संध्याकाळी सगळे जेवायला बसले तेव्हा धाकटीचं लक्ष भिंतीकडे गेलं. "ताई, चित्र कुठं गेलं?"

"शाळेत नेलंय."

"अय्या, वर्गात दाखवलंत?" धाकटीचा चेहरा फुलून आला. ती पुतणीकडे वळली. "मग काय गं, मुलांना कळली का आपली गाय?"

बाईंचा घास हातातच राहिला.

"चित्रकलेचा तास झालाच नाही आज, काकू," लेक म्हणाली. आईकडे न बघता तिनं आपलं अर्धं भरलेलं ताट उचललं आणि ती आत गेली.