पाटी गेली फिरायला

शनिवारी सकाळी पाठीवर पिशवी, एका हातात बूट आणि तोंडात अर्धा ब्रेत्सेल-पाव अशा अवतारात वेनेराने दार उघडलं, तर दाराच्या मुठीला पाटी लटकलेली. पुन्हा.

पाटी म्हणजे काय, लाकडाची एक फळकुटी. दोरी ओवलेली, वर रंगवलेलं: झाडपाळी. ज्याच्या दारावर ती असेल त्याने शनिवारी दुपारच्या आत जिना झाडायचा, पुसायचा, शिवाय दारापुढचा फुटपाथही लख्ख करायचा. जर्मनीतल्या ह्या ट्युबिंगेनमध्ये चर्चला नाही गेलात तर चालतं. झाडपाळी चुकलात तर गल्ली बोलायची बंद होते.

खालून मालकीणबाईंचा आवाज आला. हेबर्लेबाई तळमजल्यावर राहायच्या, बाजाराची टोपली घेऊन निघता निघता दर शनिवारी जिन्याला उद्देशून ओरडायच्या.

"ज्याच्या दारावर पाटी असेल त्याने ऐकावं! मी बाराला येणार. बोट फिरवून बघणार!"

त्यांच्यामागोमाग मधल्या मजल्यावरून डॉक्टर माउख उतरले. औषधाचे नव्हेत, लॅटिनचे डॉक्टर, निवृत्त. डोक्यावर पिसाची टोपी, हातात डोंगर चढायची काठी. वेनेराकडे मान वर करून म्हणाले, "काय हवा पडली आहे, मुली! तरुणांनी अशा दिवशी घरात बसू नये. जरा डोंगर बघ."

"बघते ना," वेनेरा म्हणाली. पुढचं ती सिसिलीच्या भाषेत म्हणाली, ते माउखांना कळलं नाही म्हणून बरं.

फाटकाशी युस्सी उभा होता. हा फिनलंडचा, तिच्याच वर्गातला, उंच आणि थंड. उल्मची गाडी सुटायला आलेली.

"तू जा," वेनेरा खिडकीतून ओरडली. "पाटी आहे!"

"परत? बोडेनच्या तळ्यावर जायच्या दिवशी पण पाटी. मठ बघायच्या दिवशी पण पाटी. तुझं लग्न झालंय का तिच्याशी?"

वेनेराने खिडकी आपटली आणि झाडू घेतला.

झाडण्याचं तिला काही नव्हतं. कातानियाची पोर ती, एटना खोकला की अख्खं गाव गच्चीवरची काळी राख झाडतं. पण राख कधीतरी पडते, आणि इथे शनिवार दर आठवड्याला येतो. खडकांचा अभ्यास करायला आलेली मुलगी, आणि दोन महिन्यांत तिने पाहिलेला एकमेव दगड म्हणजे जिन्याची पायरी. तरी ती गप्प बसायची, कारण ही खोली. ती मिळेपर्यंत ती युस्सीच्या स्वयंपाकघरात गादी टाकून झोपली होती, फ्रिजचं दार उघडलं की डोक्याला लागायचं. हेबर्लेबाईंनी खोली दिली ती कच्च्या बोलीवर. ऑक्टोबर संपला की ठरवणार, ठेवायची की नाही. एक तक्रार आली की बाहेर.

जिना पुसून झाला की ती पाटी माउखांच्या दाराला अडकवायची. शुक्रवारी रात्री ती परत वर. तिला वाटायचं, शिकलेला माणूस, मधल्या वारी कधीतरी गुपचूप उरकत असेल.

हे तिने युस्सीला सांगितलं तेव्हा तो कॉफीत फुंकायचा थांबला.

"मधल्या वारी? अगं, पाटी आठवडाभर एकाच दारावर राहते. झाडायचं शनिवारीच. एक शनिवार तुझा, एक त्याचा. माझी घरमालकीण मला हे नावाच्याही आधी शिकवून गेली."

वेनेराचे कान लाल झाले. "म्हणजे मी त्याची मोलकरीण?"

"बिनपगारी," युस्सी म्हणाला.

त्या शुक्रवारी दिवेलागणीला ती दाराच्या भोकाला डोळा लावून बसली. थोड्या वेळाने जिना कुरकुरला. डॉक्टर माउख. पायात नुसते मोजे, सपाता काखेत, दातांत पाटीची दोरी. पायरीच्या कडेकडेने येत होते, पायरी मधोमध वाजते हे त्यांना बरोबर ठाऊक. पाटी मुठीला अडकवली, हलू नये म्हणून बोटाने धरली, आणि मांजरासारखे खाली गेले.

वेनेरा दार उघडून त्यांच्या अंगावर जाणार होती. पायही उचलला होता. मग थांबली. सांगणार कुणाला? हेबर्लेबाईंना? माउख त्या घरात वीस वर्षं राहत होते, रविवारी बाई त्यांच्याकडे आलुबुखाराचा केक पाठवायच्या. कालची पोरगी म्हणणार, तुमचे डॉक्टर मोज्यांवर चोरासारखे फिरतात. झालीच ती तक्रार, फक्त तिने स्वतःच केलेली, आणि खोली गेली.

शनिवारी तिने पाटी मुठीवरून काढली, पिशवीत टाकली आणि युस्सीबरोबर पहिल्या गाडीने हेखिंगेनचा किल्ला बघायला गेली.

किल्ला टेकडीवर, झाडं सगळी पिवळी. दरवाजात युस्सीने पाटी अडकवून फोटो काढला. मग तोफेच्या तोंडाला अडकवून. मग तटबंदीवर. तटबंदीच्या फोटोत मागे एक चमू उभा होता, सगळ्यांच्या टोप्यांना पिसं, मधोमध डॉक्टर माउख, तोंड आ वासून सॉसेज चावताना. त्यांनी काही पाहिलं नाही. वेनेरा मात्र इतकी हसली की तिला भिंतीला धरून बसावं लागलं.

घरी जिना तसाच. बाराला हेबर्लेबाईंनी कठड्यावर बोट फिरवलं, बघितलं, मग दुसरं बोट फिरवलं. वर चढून दोन्ही दारं पाहिली. पाटी कुठेच नाही.

आणि इथेच सगळ्या घराची गाडी अडकली. माउख झाडू शकत नव्हते, झाडलं म्हणजे पाळी आपली होती हे कबूल. बाई झाडू शकत नव्हत्या, मालकिणीने भाडेकरूंचा जिना झाडला तर समोरचे खिडकीतून बघणार. वेनेराची तर पाळीच नव्हती. त्यामुळे कुणीच झाडेना. वारा चेस्टनटची काटेरी टरफलं आत आणायचा. बाई ती पायाने बाजूला सारायच्या आणि वर कान द्यायच्या. माउख येता जाता वेनेराच्या मुठीकडे बघायचे.

"काही हरवलंय का, डॉक्टर?" ती विचारायची.

"छे छे. मूठ छान आहे. पितळी."

पाटी त्या आठवड्यात नेकार नदीवरच्या लांबट नावेतूनही फिरून आली. नावाड्याने विचारलं नाही, एवढंच म्हणाला, "हिचं भाडं पडेल."

पण ऑक्टोबरचे दिवस संपत आले आणि वेनेरा तारखा मोजायला लागली. गंमत गंमत म्हणत खोली गेली तर? फ्रिजचं दार तिला रात्री स्वप्नात दिसायचं. गुरुवारी तिने ठरवलं, पाटी गुपचूप परत अडकवायची. पिशवी उघडतेय तोच खालून बाईंनी पळीने पातेलं बडवलं.

"दोघंही खाली या!"

हेबर्लेबाई शेवटच्या पायरीवर, हातात मूठभर टरफलं.

"माझ्या सासूच्या काळापासून ह्या घरात असं झालं नाही. पाटी कुठे आहे? कुणी शेवटची पाहिली?"

वेनेराने तोंड उघडलं, पण माउखांना घाई. "मला विचारा! शुक्रवारी संध्याकाळी मी स्वतः हिच्या दाराला अडकवली. माझ्या हाताने!"

बाई हळूच म्हणाल्या, "तुमच्या हाताने."

"होय, आणि नीट—"

"डॉक्टर, त्या शनिवारी पाळी कुणाची होती?"

माउखांनी छताकडे पाहिलं.

"पोरी, त्याच्या आधीच्या शनिवारी कुणी झाडलं?"

"मी."

"त्याच्या आधी?"

"मी. त्याच्याही आधी मी. मी आल्यापासून दर शनिवारी मीच, बाई."

"माझी पाठ," माउख पुटपुटले. "पाठ धरते हो माझी."

आता वेनेराला राहवेना. तिने मोबाइल काढून तटबंदीचा फोटो बाईंच्या नाकापुढे धरला. बाईंनी चष्मा लावला. डॉक्टर, टोपी, सॉसेज. आणि पुढे, अगदी ठळक, पाटी.

फोटो दाखवून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, आपण काय दाखवलं ते.

"ही इथे कशी गेली?" बाईंनी विचारलं.

वेनेराने पिशवीतून पाटी काढून त्यांच्या हातात दिली. "मी नेली. रागाच्या भरात. खोली काढून घ्यायची तर घ्या, पण त्यांची पाळी मी आता झाडणार नाही."

बाईंनी पाटी उलटसुलट केली. "चोरी केलीस. झाडतेस मात्र चांगलं. मी म्हणायची, डॉक्टरांचा हात म्हातारपणी काय सुधारलाय." मग माउखांकडे न बघताच म्हणाल्या, "नाताळपर्यंत सगळे शनिवार तुमचे. केक बंद. पोरी, अजून फोटो आहेत?"

एकेक फोटो बघत बाई पायरीवरच बसल्या, टरफलांत. नावेच्या फोटोपाशी थांबल्या.

"लग्न होऊन आले तेव्हापासून माझा एकही शनिवार ह्या गावाबाहेर गेला नाही," त्या म्हणाल्या. "आणि ही फळी सगळीकडे जाऊन आली. खोली तुझीच. पण परवा मला उल्मला न्यायचं."

शनिवारी गाडीत बाईंच्या मांडीवर चामड्याची पर्स होती, पर्समधून दोरीचं टोक बाहेर आलेलं. "डॉक्टरांना सांगून आलेय," त्या युस्सीला म्हणाल्या, "पाटी माझ्याकडे असली तरी जिना तुमचाच. आणि तू वर जाऊन ह्या पाटीचा एक फोटो काढायचा हं."

उल्मच्या चर्चच्या उंच मनोऱ्याचा जिना गोल गोल वर जाणारा, अरुंद, दगडी. वेनेरा पुढे, मागे बाई, सगळ्यात मागे युस्सी धापा टाकत. अर्ध्यावर बाई थांबल्या. दमल्या असतील म्हणून वेनेरा वळली.

बाईंनी खिडकीच्या कट्ट्यावरून बोट फिरवलं होतं. ते उजेडात धरून त्या कपाळाला आठ्या घालून बघत होत्या.

"ह्या जिन्याची पाळी कुणाची आहे?"