शंभर तास

“अंकल, स्पेलिंग नीट टाका हं. हे सर्टिफिकेट बाहेर पाठवायचंय,” मुलगी म्हणाली आणि परत मोबाइलमध्ये बघायला लागली.

मल्लिनाथ बिराजदारने मान डोलावली आणि तिच्या आधार कार्डावरून एकेक अक्षर बघत नाव टाइप केलं. लातूरच्या त्या धर्मादाय नेत्र रुग्णालयात नोंदणीच्या खिडकीमागे बसून त्याला बावीस वर्षं झाली होती. केसपेपर काढणं, फोन उचलणं, गावोगावच्या शिबिरांची रजिस्टरं सांभाळणं, साहेबांची पत्रं टाइप करणं, सगळं त्याच्याच गळ्यात. ही मुलगी रुग्णालयाचे ट्रस्टी आणि सेक्रेटरी असलेल्या विरूपाक्ष साहेबांच्या साडूची. पुण्याहून आली होती, इंटर्नशिप करायला. नऊ दिवस राहिली. त्यातले दोन दिवस तिचं पोट बिघडलं होतं आणि बाकीचे साहेबांच्या एसी केबिनमध्ये गेले. एकदा तेवढी वॉर्डात जाऊन तिने डोळ्यांना पट्ट्या बांधलेल्या म्हाताऱ्यांबरोबर फोटो काढले. पोरगी स्वभावाने वाईट नव्हती. जायच्या दिवशी तिने सगळ्यांना पेढे वाटले.

“तास किती टाकू साहेब?” मल्लिनाथने केबिनच्या दारातून विचारलं.

“शंभर टाक. शंभर लागतात म्हणं.”

त्याने शंभर टाकले, सही घेतली, शिक्का मारला. त्याला त्याचं काही वाटलं नाही. खरं सांगायचं तर तो मनातल्या मनात खूश होता, कारण आदल्याच दिवशी त्याच्या मंजूनेही हा शंभराचा आकडा घरी आणला होता.

मंजुश्री त्याची एकुलती एक, बारावीला. कॉलेजातल्या धम्मप्रिया मॅडमनी तिला एका शिष्यवृत्तीचा फॉर्म दाखवला होता. डोळे तपासायचा चार वर्षांचा कोर्स, राहणं, खाणं, शिकणं सगळं संस्थेचं. लातुरात ज्याच्या त्याच्या पोराला डॉक्टर व्हायचं असतं. मंजूला लोकांच्या डोळ्यांचा नंबर काढायचा होता, आणि घरच्या पैशाने ते जमणारं नव्हतं. मार्क तिच्याकडे होते. निबंध ती लिहिणार होती. राहिली एक अट: एखाद्या संस्थेत शंभर तास सेवा केल्याचं लेटरहेडवरचं पत्र, तीस तारखेच्या आत.

“शंभर?” जेवता जेवता मल्लिनाथ म्हणाला होता. “आगं, तुजे तर पाचशे झाले असतील. कशाला घोर करायलीस?”

यात बढाई काही नव्हती. आठवीपासून दर रविवारी ती त्याच्याबरोबर शिबिराला जायची. औसा, निलंगा, किल्लारी, रुग्णालयाची जीप जाईल तिथे. म्हाताऱ्यांना रांगेत बसवायचं, डोळ्यांत थेंब टाकायचे, ज्या डोळ्याचं ऑपरेशन करायचं त्याच्यावर कपाळाला चिकटपट्टीचा तुकडा लावायचा. थेंब टाकताना ती एखाद्या आजीला नातसुनेचं विचारायची, आणि आजी सुनेची गाऱ्हाणी सांगेपर्यंत थेंब डोळ्यांत गेलेले असायचे.

किल्लारीच्या शिबिरात तर तिने बापाचीच अब्रू वाचवली. कस्तुराबाई नावाच्या म्हातारीला कपाळाची ही पट्टी मल्लिनाथने लावली होती, डाव्या डोळ्यावर. म्हातारी काही बोलली नाही. दवाखान्याच्या माणसाने लावली म्हणजे बरोबरच असणार. जीपमध्ये बसवायच्या आधी मंजूने तिला एकेक डोळा झाकून बोटं मोजायला लावली, कागद पुन्हा वाचला आणि डॉक्टरांना विचारून पट्टी उजव्या डोळ्यावर लावली. येताना वाटेत बापाला एवढंच म्हणाली, “आप्पा, चष्मा आता तुमाला लागतंय.” त्या दिवसापासून कपाळाच्या पट्टीचं काम मल्लिनाथने तिच्याकडेच दिलं.

पुण्याची मुलगी गेली तशी तो कोरं लेटरहेड घेऊन केबिनमध्ये शिरला.

“साहेब, एक पत्र आमच्या मंजूलाबी लागत होतं.”

विरूपाक्ष साहेबांनी सगळं नीट ऐकून घेतलं. “मंजू म्हंजे घरचीच पोरगी की. देऊ ना. रजिस्टर आण, कवापासून येती बघू.”

मल्लिनाथ जागचा हलला नाही. रजिस्टर त्याच्याच अक्षरातलं होतं आणि त्यात मंजूचं नाव एकदाही नव्हतं.

शिबिराचं रजिस्टर म्हणजे खरं तर जेवणाचं रजिस्टर. सकाळी जितकी नावं लिहायची तितकी ताटं दुपारी गावातून यायची. पहिल्याच रविवारी मल्लिनाथने विचार केला, लेकीचं नाव लिहिलं तर उद्या कुणीतरी म्हणायचं, ट्रस्टच्या जिवावर बिराजदार घरची माणसं जेवू घालतो. म्हणून त्याने ते लिहिलं नाही. अंबिका, त्याची बायको, मंजूपुरत्या भाकरी बांधून द्यायची. दुपारी सगळे मांडवात ताटावर बसले की मंजू जीपच्या सावलीत डबा सोडायची. मल्लिनाथ ताटावरून तिच्याकडे बघायचा आणि त्याला त्या डब्याचा अभिमान वाटायचा. अशी चार वर्षं गेली.

“रजिस्टरात न्हाई साहेब. पर बघितलंय सगळ्यांनी. डॉक्टरबी सांगतील.”

“मीच बघितलंय की तिला थेंब टाकताना.” साहेबांनी पेन खाली ठेवलं. “तीच तर अडचण हाय. आठवीत तिचं वय किती होतं? तेरा. तेरा वर्षांचं लेकरू पेशंटच्या डोळ्यात औषध टाकत होतं, असं मी ट्रस्टच्या कागदावर सही करून देऊ? म्हंजे हात दाखवून अवलक्षण. उद्या चौकशी लागली तर तूबी घरी बसशील अन् मीबी.”

“मग आत्ताच्या त्या ताईंचं...” मल्लिनाथच्या तोंडातून निघून गेलं.

“तिनं कुठं काय केलंय?” साहेब शांतपणे म्हणाले. “तिच्या पत्राला काय धोका न्हाई.”

“तर मंजूलाबी तसंच द्या साहेब. काय केलं न्हाई असं धरून.”

“कर्मचाऱ्यांच्या नातेवाइकांना पत्रं द्यायची न्हाईत, ठराव हाय. तूच टाइप केलास की. तुला दिलं तर ड्रायव्हर, आया, वॉचमन, सगळे रांगेत हुबारतील.”

ठराव त्यानेच टाइप केला होता, तीन प्रतींत. त्यात ट्रस्टींच्या नातेवाइकांबद्दल काही लिहिलेलं नव्हतं. मल्लिनाथने लेटरहेड परत गठ्ठ्यात ठेवलं आणि खिडकीवर जाऊन बसला.

घरी जेवताना त्याने हे सांगितलं. अंबिका गप्प बसणारी नव्हती.

“लई इमानदार,” ती म्हणाली. “चार वर्षं लेकीला मांडवाच्या भायेर जेवू घातलं. कुणी मेडल दिलं का?”

“आई, राहू दे,” मंजू म्हणाली. तिने हिशोब केलाच होता. “अजून बारा दिवस हायत. रोज आठ-नऊ तास केले तर शंभर होतेत. मी दुसरीकडं बगते.”

ती सायकल घेऊन लातूर पालथं घालायला निघाली. रक्तपेढीतल्या बाई म्हणाल्या, अठरा पूर्ण झाल्यावर ये, नियम आहे. चष्म्याच्या दुकानदाराने कामाचं काही विचारलंच नाही, कुणाच्या ओळखीने आलीस तेवढं विचारलं. एका वाचनालयात तिने दोन दिवस कपाटं पुसली, पुस्तकं लावली. तिसऱ्या दिवशी कळलं की सही करणाऱ्यांची बदली झाली आहे आणि नवे कधी येतील ते कुणाला ठाऊक नाही. क्लासच्या गल्लीत एक बोर्ड होता, इंटर्नशिप मिळेल म्हणून. तिथल्या माणसाने फी सांगितली आणि म्हणाला, तीन दिवसांत सर्टिफिकेट घरपोच, यायचं काम नाही.

“मग काम कवा करायचं?” मंजूने विचारलं.

त्या माणसाला वाटलं, पोरगी चेष्टा करतेय.

त्याच आठवड्यात कस्तुराबाई तपासणीला आली. मल्लिनाथने कुणाशी बोलायचं नाही असं ठरवलं होतं, पण म्हातारीने मंजूची चौकशी केली आणि त्याच्याने राहवलं नाही.

“आरं, मग मी देते की अंगठा,” ती म्हणाली. “कुठं लावू सांग. त्या लेकरानं माजा डोळा राखला.” तिने खिडकीतून हात आत घातलासुद्धा. मल्लिनाथने तिच्या हातात औषधाची चिठ्ठी दिली. म्हातारीच्या अंगठ्याला कोण विचारणार, लेटरहेड थोडंच होतं तिच्याकडे?

शेवटी धम्मप्रिया मॅडमनी एक वाट सुचवली. पत्र मिळालं नाही असं स्पष्ट लिहायचं, काम काय केलं ते खरंखरं लिहायचं आणि रुग्णालयाचा फोन नंबर द्यायचा. “विचारतील ते. माणसंच आहेत,” मॅडम म्हणाल्या. एकोणतीस तारखेला फॉर्म गेला.

तीन आठवडे गेले आणि एका मंगळवारी, ऐन गर्दीत, फोन वाजला.

“मंजुश्री बिराजदार या मुलीच्या अर्जाबद्दल बोलायचं होतं,” पलीकडून एक बाई म्हणाल्या. आवाज मायाळू होता. “पत्र नाहीये तिच्याकडे, पण निबंध आम्हाला फार आवडला. कपाळावरच्या पट्टीचं लिहिलंय ना, ते. संस्थेतल्या कुणी तोंडी खात्री दिली तरी चालेल.”

मल्लिनाथने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. “केलंय मॅडम. चार वर्षं, दर रविवारी. मी सोताच्या डोळ्यानं बघितलंय.”

“छान. आपलं नाव सांगता? नोंद करते.”

खिडकीसमोर लोक केसपेपरसाठी हात पुढे करत होते. रुग्णालयात चाळीस माणसं होती. त्यातलं कुठलंही नाव सांगता आलं असतं, आणि ते पुढे कित्येक दिवस त्याच्या डोक्यात फिरत राहिलं. पण बावीस वर्षांत माणसाला जे वळण लागतं ते ऐन वेळी बदलत नाही.

“मल्लिनाथ बिराजदार.”

बाईंनी लिहिता लिहिता विचारलं, “म्हणजे वडील का?”

“हाव.”

“मग असं करा, दुसऱ्या कुणा जबाबदार व्यक्तीला देता का फोन?”

डॉक्टर ऑपरेशनमध्ये होते. मल्लिनाथने फोन केबिनला जोडून दिला, खिडकी सोडली आणि केबिनच्या दारात जाऊन उभा राहिला. साहेबांनी त्याला बघितलं, हसून मान हलवली. काळजी करू नको, असं ते हसणं होतं.

“हो हो, ओळखतो की,” साहेब फोनवर म्हणत होते. “आमच्या क्लार्कची मुलगी. फार गुणी. काम असं नाही हो मॅडम, पेशंटला हात लावायला आम्ही बाहेरच्या कुणाला देत नाही. सुट्टीच्या दिवशी वडिलांबरोबर यायची. डबा घेऊन.”

फोन ठेवून ते मल्लिनाथकडे वळले. “चांगलंच सांगितलं बघ. गुणी म्हनलो.”

“थँक्यू साहेब,” मल्लिनाथ म्हणाला. तोंडाला सवयच तशी पडलेली. खिडकीवर परत आल्यावर त्याने ओळीने तीन केसपेपरवर चुकीची तारीख टाकली.

शिष्यवृत्तीची यादी लागली ती मंजूने मोबाइलवर बघितली. वरून खाली आणि मग खालून वर. नंतर मोबाइल पालथा ठेवला आणि फिजिक्सचं पुस्तक उघडून बसली.

“माजं चुकलं मंजू,” मल्लिनाथ म्हणाला.

“तुमचं काय चुकलं? तुमी काय चोरी न्हाई केली.”

ती चिडली असती, अंबिकेसारखी चार शब्द बोलली असती, तर त्याला बरं वाटलं असतं. पण ती पान उलटत राहिली.

“आप्पा,” थोड्या वेळाने ती म्हणाली, “रविवारी मी न्हाई येत. अभ्यास हाय.”

“बरं,” तो म्हणाला. अभ्यास आठवीपासून होता, आणि त्यापायी तिने एकही रविवार चुकवला नव्हता, हे दोघांनाही माहीत होतं.

त्या रविवारी शिबिर किल्लारीलाच होतं. शाळेच्या व्हरांड्यात टेबल मांडून मल्लिनाथने रजिस्टर उघडलं. डॉक्टर, दोन नर्स, ड्रायव्हर, गावातले कार्यकर्ते असे अकराजण झाले. मग बाराव्या ओळीवर त्याने सावकाश, एकेक अक्षर बघत लिहिलं: मंजुश्री मल्लिनाथ बिराजदार. काम या रकान्यात लिहिलं, स्वयंसेवक. काय लिहिलंय ते कुणी बघितलं नाही.

रांगेतल्या म्हाताऱ्या विचारत होत्या, लेकरू आलं न्हाई का. मल्लिनाथ प्रत्येकीला डोळा झाकून बोटं मोजायला लावत होता, कागद दोनदा वाचत होता आणि मगच पट्टी लावत होता. त्याला फार वेळ लागत होता.

दुपारी ताटं आली. सगळे मांडवात बसले, आणि वाढणाऱ्या बाईने हातातल्या शेवटच्या ताटाकडे बघितलं.

“बारा लिवलेत अन् बसले अकराच. हे एक कुणाचं?”

मल्लिनाथ पानावरून उठला. तिच्या हातातून ताट घेतलं, त्यावर दुसरं ताट झाकलं आणि मांडवाबाहेर जाऊन, जीपच्या सावलीत ती बसायची तिथे नेऊन ठेवलं.