गच्चीवरचे तीन ट्रे

सुनेने ट्रेमधल्या काचेवर बोट फिरवलं आणि तेच बोट धूळ मोजायला आलेल्या सरकारी तपासनिसाच्या नाकासमोर धरलं. बोट स्वच्छ होतं.

"महिनाभरात एवढीच धूळ? डोळे मिटून मोजता का तुम्ही?"

महिन्यापूर्वी त्यानेच गच्चीवर तीन ट्रे मांडले होते. एक काचेचा, एक खरबरीत फरशीचा, एक गवताचा. गुळगुळीत काचेवरची धूळ वारा उडवून नेतो, फरशीवर थोडी टिकते, गवतात सगळ्यांत जास्त अडकते, हे त्याने तिला समजावून सांगितलं होतं. घरामागच्या खडी फोडणाऱ्या यंत्रावर आच्छादन घालायचा हुकूम या मापावरच निघणार होता. खाली तिची लेक चिमी खोकत होती. पोर रात्ररात्र उशीला टेकून बसायची, आणि या गृहस्थाच्या मापात हवा ठीक होती.

"काच सोडा," तो म्हणाला. "गवतातसुद्धा काही नाही. मलाच कळत नाहीये."

"कळेल कसं? यंत्रवाल्यांचा चहा गोड लागला असेल."

त्याचा चेहरा लाल झाला. तेवढ्यात सासूबाई जिना चढून वर आल्या. एका हातात ओलं फडकं, दुसऱ्या हातात झारी.

"आलात होय? सून कामावर गेली की रोज पुसून ठेवते हो मी तुमचे ट्रे. गवतही धुते. परक्याची वस्तू, घाण कशी परत करायची?"

खाली चिमीला पुन्हा उबळ आली.

"अहो आई, काय करून बसलात हे?" सुनेचा आवाज चिरकला. "त्या धुळीचीच तर वाट बघत होते मी. आता त्याच फडक्याने चिमीची छाती पुसा."

सासूबाईंनी हातातल्या फडक्याकडे पाहिलं. ते राखाडी झालं होतं.

तपासनिसाने ट्रे पुन्हा मांडले. "अजून एक महिना," एवढंच म्हणाला. सुनेने त्याची माफी मागितली नाही. राग उतरला नव्हता, फक्त आता तो काढायचा कुणावर ते तिला कळेना.

दुसऱ्या दिवशी कामावरून आल्याआल्या ती गच्चीवर गेली. सासूबाई ट्रेंपाशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. पुसायला हात शिवशिवत होते, म्हणून त्यांनी ते मांड्यांखाली दाबून धरले होते. मागे यंत्र धडधडत होतं. त्यांच्या केसांवर, खांद्यांवर धुळीचा बारीक थर साचला होता.

सुनेने तो झटकायला हात पुढे केला.

"राहू दे," सासूबाई म्हणाल्या. "तो आला की हेही मोजू दे त्याला."